व्हिंटेज पोर्टची बाटली : खरेदीपासून पेल्यापर्यंत, नाशिकच्या उन्हाळ्याचा हिशेब धरून

गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर उघडल्या गेलेल्या जुन्या पोर्टच्या, म्हणजे पोर्तुगालमधल्या गोड, तीव्र वाईनच्या, बाटल्यांपैकी निम्म्याहून अधिक बाटल्या घरातच बिघडलेल्या होत्या. त्या बनावट नव्हत्या आणि त्यांचे सालही वाईट नव्हते. गंगापूर रोडवरच्या एका घरी उघडलेली 1985 ची बाटली मला अजून आठवते. अकरा उन्हाळे ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, दिव्याच्या अगदी खाली, उभी होती. मानेवरचे आवरण कापले तेव्हा आतून चिकट, तपकिरी ओघळ निघाला, बूच काचेच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर वर सरकलेले दिसले, आणि पेल्यात काकवी करपल्यासारखा वास आला. यजमानांनी ती बाटली मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवली होती.

असे पुन्हा पुन्हा घडताना पाहिले म्हणून हा लेख लिहिला आहे. येथे दिलेला क्रम पाळणे महत्त्वाचे आहे, कारण या वाईनच्या बाबतीत एका टप्प्यावर झालेली चूक पुढच्या टप्प्यावर सुधारता येत नाही. ज्यांच्याकडे बाटली आधीच आहे, त्यांनी पहिला टप्पा वाचून थेट पाचव्यावर यावे.

## टप्पा 1 : हातातली बाटली नेमकी कोणती, हे ओळखणे

द्राक्षरस आंबत असताना त्यात द्राक्षांपासूनच गाळलेले मद्य मिसळून आंबण्याची क्रिया मध्येच थांबवली, की पोर्ट तयार होते. मिसळले जाणारे मद्य सुमारे 77 टक्के तीव्रतेचे असते. त्यामुळे रसातली बरीचशी साखर तशीच राहते आणि तयार वाईनची तीव्रता 20 टक्क्यांच्या आसपास जाते. नाशिकच्या दुकानात नुसते ‘पोर्ट’ म्हणून मागितल्यास बहुतेक वेळा देशी, गोड, लाल, स्वस्त वाईन हातात येते. तिचा या लेखाशी संबंध नाही. येथे पोर्तुगालमधल्या डोरो खोऱ्यातली पोर्ट आणि त्याच देशाच्या मदेरा बेटावरची मदेरा, या दोघींचाच विचार केला आहे.

लेबलवर चार गोष्टी शोधाव्यात.

व्हिंटेज. एकाच सालाची द्राक्षे, लाकडी पिंपात सुमारे दोन ते तीन वर्षे, आणि त्यानंतर न गाळता बाटलीत. तिचे खरे वय बाटलीत वाढते. पंधरा-वीस वर्षांत तळाशी आणि एका बाजूला जाड साका बसतो. उत्पादक दरवर्षी व्हिंटेज जाहीर करत नाहीत, दशकात साधारण तीन वेळा करतात. 1963, 1977, 1994, 2000 आणि 2011 ही नावाजलेली साले आहेत. 2016 आणि 2017 अशी लागोपाठची दोन साले अनेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केली, आणि तसे क्वचितच घडते.

लेट बॉटल्ड व्हिंटेज. हीसुद्धा एकाच सालाची असते, परंतु पिंपात चार ते सहा वर्षे राहून बाटलीत येते. बहुतेक वेळा गाळलेली आणि लगेच पिण्याजोगी असते. नावात ‘व्हिंटेज’ शब्द असल्याने लोक ती वीस वर्षे ठेवतात आणि फसतात. जुन्या लेबलांवर ‘व्हिंटेज कॅरेक्टर’ हे शब्द असलेली पोर्ट तर कोणत्याही एका सालाची नसे.

टॉनी आणि कोल्येइता. या पिंपातच मुरतात. टॉनीवर 10, 20, 30, 40 असे वयाच्या वर्षांचे आकडे असतात. कोल्येइता ही एकाच सालाची टॉनी असून ती किमान सात वर्षे लाकडात असते आणि लेबलवर बाटलीत भरल्याचे सालही दिलेले असते. बाटलीत गेल्यावर यांत फारशी सुधारणा होत नाही.

मदेरा. ही उष्णतेच्या साहाय्यानेच घडवली जाते. एकतर टाकीत 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने तापवतात, किंवा माळ्यावरच्या पिंपांत वर्षानुवर्षे उन्हाच्या झळीत मुरवतात. सालाचा उल्लेख असलेली ‘फ्रास्केइरा’ मदेरा किमान वीस वर्षे लाकडात राहिलेली असते.

> तपासणी : मानेवरचे आवरण वरून हलकेच दाबून पाहावे. खाली प्लास्टिकची किंवा लाकडाची टोपी असलेले, हाताने निघणारे बूच लागले, तर ती वाईन पिण्यासाठी तयार आहे आणि ठेवण्यात काही अर्थ नाही. लांब बूच पूर्ण आत ठोकलेले असेल, तरच ती मुरण्यासाठी बनवलेली असण्याची शक्यता धरावी.

## टप्पा 2 : खर्चाचा पूर्ण हिशेब मांडणे

व्हिंटेज पोर्टचा मोह मी समजू शकतो. वीस-तीस वर्षांनी तिच्यातला तरुणपणीचा तुरटपणा विरघळून जातो, काळ्या फळांच्या जागी सुके अंजीर, अक्रोड आणि संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा सुवास येतो, आणि एका लहान घोटाची चव मिनिटभर तोंडात रेंगाळते. शिवाय एखाद्या सालाच्या जितक्या बाटल्या उघडल्या जातात तितक्या कायमच्या कमी होतात, आणि उरलेल्यांच्या किमतीत कोणीतरी केलेल्या कित्येक वर्षांच्या साठवणीचा खर्च मिळवला जातो. हे सगळे मान्य करूनही, परदेशी संकेतस्थळावर दिसणारी किंमत हा आपल्यासाठी हिशेबाचा केवळ आरंभ असतो.

भारतात आयात वाईनवर 2021 च्या अर्थसंकल्पापासून 50 टक्के मूळ सीमाशुल्क आणि 100 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, असा एकूण 150 टक्क्यांचा भार ठेवला गेला. त्याआधीही एकूण भार तितकाच होता, विभागणी मात्र वेगळी होती. व्यापार करारांमुळे हे दर बदलू शकतात, म्हणून खरेदीच्या वेळचा दर विचारून घ्यावा. समजा, विमा आणि वाहतुकीसह बाटली 8,000 रुपयांना पडली, तर 150 टक्के दराने शुल्क 12,000 रुपये होते आणि बंदरातून बाहेर पडतानाच ती 20,000 रुपयांची होते. त्यावर राज्याचे शुल्क, कर आणि आयातदारापासून दुकानदारापर्यंतचा नफा चढतो तो वेगळाच.

आता पेल्याचा हिशेब करू. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 75 मिलिलिटरचे दहा पेले निघायला हवेत, परंतु जुन्या व्हिंटेजमध्ये पाऊण पेला तरी साक्यात जातो. म्हणून नऊच धरावेत. वरच्या उदाहरणात एक पेला सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडला, आणि बाटली उघडल्यावर तो एक-दोन दिवसांत संपवावा लागतो. चार माणसांच्या घरात हे गणित बसत नाही. आठ-नऊ जण जमणार असतील, तेव्हाच ते बसते.

साठवणीचा खर्चही यातच धरायला हवा. 2016 किंवा 2017 ची बाटली आज विकत घेणाऱ्याने पुढची दहा-पंधरा वर्षे चोवीस तास चालणाऱ्या वाईन कूलरचे वीजबिल गृहीत धरावे. एकाच बाटलीसाठी हा खर्च करणे मला पटत नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. ज्यांच्या घरी कूलर नाही, त्यांनी पहिली खरेदी वीस वर्षांच्या टॉनीची किंवा चांगल्या मदेराची करावी. त्या उघडल्यावर कित्येक आठवडे टिकतात, घाई करायला लावत नाहीत, आणि जुनेपणाची चव काय असते ते शिकवतात. ज्यांना व्हिंटेजच हवी आहे, त्यांनी एकाच मळ्याच्या, म्हणजे ‘किंता’च्या नावाने येणाऱ्या व्हिंटेजकडे पाहावे. टेलर्सची किंता दि व्हार्जेलास किंवा ग्रॅहम्सची किंता दुश मालव्हेदुश या बहुधा घराण्याने मुख्य व्हिंटेज जाहीर न केलेल्या सालांत येतात, तुलनेने कमी किमतीत मिळतात आणि लवकर पिकतात.

> सावधान : महाराष्ट्रात मद्य विकत घेणे, बाळगणे आणि पिणे यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. परदेशातून टपालाने किंवा कुरियरने बाटली मागवण्याचा विचार करू नये, ती सीमाशुल्कात अडकते.

## टप्पा 3 : खरेदीच्या वेळी बाटली तपासणे

बाटली उभी धरून उजेडासमोर पाहावी. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत वाईनची पातळी मानेत असायला हवी. चाळीस-पन्नास वर्षांच्या बाटलीत ती मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला आलेली चालते. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर बुचातून हवा आत गेलेली आहे आणि किंमत कितीही कमी सांगितली तरी घेऊ नये.

त्यानंतर आवरणावरून बोट फिरवावे. चिकटपणा, बुरशीचा ओला डाग किंवा वर आलेले बूच ही गळतीची चिन्हे आहेत. पोर्टच्या मानेवर पोर्तुगालच्या डोरो व पोर्तो वाईन संस्थेची हमीपट्टी असते, ती अखंड आहे का पाहावे. 1970 आणि त्याआधीच्या सालांची कितीतरी व्हिंटेज पोर्ट मात्र पिंपातून ब्रिटनला जाई आणि तिथेच बाटल्यांत भरली जाई, त्यामुळे इतक्या जुन्या बाटलीवर पट्टी नसणे हा दोष नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात : ही बाटली आजवर कुठे ठेवलेली होती? विक्रेत्याने समाधानकारक उत्तर दिले नाही, तर तो व्यवहार सोडून द्यावा. मागे मी एका दुकानातून अशीच एक बाटली उत्तर न मिळताही घेतली होती. ती काचेच्या दर्शनी कपाटात, दुपारच्या उन्हाच्या तिरिपेत उभी होती, हे मला दिसत होते आणि तरी मोह आवरला नाही. पैसे गेले.

## टप्पा 4 : नाशिकपर्यंतचा प्रवास

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि 375 ची एक अर्धी बाटली मिळून 1,875 मिलिलिटर होतात, म्हणजे मर्यादेत बसतात. पोर्टच्या अर्ध्या बाटल्या मिळतात आणि लहान कुटुंबासाठी त्या फार सोयीच्या असतात. पावती सोबत ठेवावी. शहरात खरेदी केलेल्या बाटल्या विमानात चेक-इन करायच्या सामानातच द्याव्या लागतात, म्हणून प्रत्येक बाटली कपड्यांत स्वतंत्र गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवावी.

जुनी, साका बसलेली बाटली प्रवासात आणू नये, असे माझे मत आहे. आणलीच, तर ती पूर्ण ढवळली जाते आणि तिला नंतर किमान तीन-चार आठवडे आडवी, न हलवता ठेवावी लागते. लहान वयाच्या व्हिंटेजला किंवा टॉनीला ही अडचण नाही.

खरी हानी मुंबई विमानतळ ते नाशिक या शेवटच्या टप्प्यात होते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीची डिकी भट्टीसारखी तापते, आणि कसाऱ्याच्या अलीकडे जेवायला थांबलेल्या तासाभरात बूच वर सरकायला तेवढे पुरते. बाटल्या आपल्यासोबत, वातानुकूलित भागात, पायाशी आडव्या ठेवाव्यात आणि गाडी थांबली तर सोबत उतरवाव्यात. द्राक्षांच्या पेटीत येतो तसा थर्माकोलचा खोका असेल तर उत्तमच. बर्फ मात्र त्यात टाकू नये.

> तपासणी : घरी पोहोचल्यावर बूच काचेच्या कडेशी समपातळीत आहे का, हे आवरणावरून अंगठा फिरवून पाहावे आणि पातळीची खूण म्हणून बाटलीचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे.

## टप्पा 5 : साठवण

या टप्प्यावर सर्वाधिक बाटल्या वाया जातात, म्हणून येथे थोडे थांबू.

व्हिंटेज पोर्टला 12 ते 14 अंशांचे स्थिर तापमान, 60 ते 75 टक्के आर्द्रता, अंधार आणि शांतता लागते. यातला ‘स्थिर’ हा शब्द आपल्याकडे सर्वांत जड जातो. नाशिकची हवा सुखद म्हणून आपण निश्चिंत राहतो, परंतु थंडीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली आणि दुपारी तिशीच्या घरात, तर मे महिन्यात चाळीसच्या आसपास, अशी तिची चाल असते. प्रत्येक चढ-उतारासोबत बाटलीतला द्रव फुगतो आणि आकसतो, बूच किंचित पुढे-मागे होते, आणि काही वर्षांत त्याची पकड जाते. वीस टक्के मद्य आहे म्हणून उष्णता बाधत नाही, हा समज चुकीचा आहे. अशी वाईन नासत नाही हे खरे, पण शिजते.

नाशिककर ज्या जागा सुचवतात, त्या एकेक पाहू.

*जुन्या वाड्याचे तळघर.* पंचवटीत आणि जुन्या नाशकात अशी तळघरे अजून आहेत. बाहेरून आत शिरल्यावर ती थंडगार वाटतात, पण हाताला जाणवणाऱ्या गारव्यावर विसंबू नये. माझ्या ओळखीच्या एका वाड्यात कमाल-किमान तापमान नोंदवणारा थर्मामीटर महिनाभर ठेवला, तेव्हा मे महिन्यात 26 अंशांची नोंद मिळाली. काही महिन्यांसाठी ते ठीक आहे, दहा वर्षांसाठी नाही. पावसाळ्यात ओलीने लेबल कुजते, म्हणून बाटलीवर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी गुंडाळावी.

*द्राक्षांचे शीतगृह.* ‘आमच्या पॅकहाऊसमध्ये ठेवू की’ हे वाक्य मी दिंडोरी आणि पिंपळगावच्या मित्रांकडून अनेकदा ऐकले आहे. द्राक्षांसाठी ते शून्य ते दोन अंशांवर चालवतात, आर्द्रता नव्वदीच्या वर असते आणि पेट्यांत गंधकाचा वायू सोडणारे ग्रेप गार्डचे कागद असतात. हंगाम संपला की तेच शीतगृह बंद होते आणि आतले तापमान काही दिवसांत वीस-तीस अंशांनी चढते. वाईनसाठी याहून वाईट वागणूक शोधून सापडणार नाही.

*घरातला फ्रिज.* चार-पाच अंश आणि कोरडी हवा. दोन-तीन महिन्यांसाठी, मागच्या बाजूला आडवी ठेवून चालेल. दारात कधीही ठेवू नये.

*वाईन कूलर.* लांबच्या साठवणीसाठी हाच मार्ग आहे, परंतु विकत घेताना तो कॉम्प्रेसरचा आहे का, हे विचारावे. स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक कूलर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाऊ शकतो, त्यामुळे चाळीस अंशांच्या दुपारी तो 14 अंश गाठू शकत नाही आणि आपल्याला ते कळतही नाही. वीज तीन-चार तास गेली तर कूलरचे दार उघडू नये, आतल्या बाटल्यांचा गारवाच तेवढा वेळ निभावून नेतो.

ठेवण्याची पद्धतही ठरलेली आहे. व्हिंटेज पोर्ट आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. जुन्या बाटल्यांच्या एका बाजूला पांढऱ्या रंगाचा फटकारा मारलेला असे, ती बाजू नेहमी वर ठेवायची खूण होती, कारण साका तिच्या विरुद्ध बाजूला बसलेला असतो. फटकारा नसेल तर आपणच खडूने खूण करावी. मदेरा मात्र उभी ठेवावी, कारण तिची आम्लता आणि मद्य मिळून आडव्या बाटलीचे बूच खातात. मदेराला नाशिकचा उन्हाळा सोसवतो. थेट ऊन आणि उजेड टाळला तर साधे लाकडी कपाटही तिला पुरते, आणि त्यामुळेच मी ती इतक्या आग्रहाने सुचवतो.

> सावधान : कपाट, कूलर किंवा खोका, कशातही शेजारी फिनेल, रंग, डांबराच्या गोळ्या किंवा मसाल्यांचे डबे नसावेत. बुचातून वास आत जातो.

## टप्पा 6 : उभी करणे

समजा शनिवारी रात्री नऊला पेले भरायचे आहेत. गुरुवारी संध्याकाळीच बाटली आडव्या जागेवरून काढून अत्यंत सावकाश उभी करावी, खडूची खूण आपल्याकडे ठेवून. एका बाजूला बसलेला साका घसरून तळाशी जायला निदान चोवीस तास लागतात, फार जुन्या बाटलीला अठ्ठेचाळीस. पाहुणे आल्यावर बाटली बाहेर काढण्याची चूक इतकी सर्रास होते, की बहुतेकांनी व्हिंटेज पोर्ट गढूळच प्यायलेली असते आणि ती तशीच असते असे त्यांना वाटते.

शनिवारी ती 16 ते 18 अंशांवर हवी. कूलरमधून काढली असेल तर अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवणे पुरते. उन्हाळ्यात खोलीत उभी केली असेल तर तासभर फ्रिजच्या आतल्या फळीवर, न हलवता ठेवावी.

## टप्पा 7 : बूच काढणे

आवरण मानेच्या कंगोऱ्याखाली कापून पूर्ण काढावे, म्हणजे ओतताना मान स्पष्ट दिसेल. बुचाचा वरचा भाग आणि काचेची कड ओल्या, स्वच्छ फडक्याने पुसावी. त्यावरची काळी बुरशी वाईनमध्ये उतरू देऊ नये.

वीस वर्षांच्या आतले बूच साध्या, लांब फेऱ्यांच्या स्क्रूने निघते. त्याहून जुन्यासाठी दोन पातळ पात्यांचा चिमटा वापरावा. पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आलटून-पालटून, किंचित डोलवत खाली सरकवायची आणि मग फिरवत वर ओढायचे. बाटली सर्व वेळ उभी आणि स्थिर राहिली पाहिजे, मांडीत धरू नये. घाई केल्यास बूच आत ढकलले जाते.

बूच तुटले तर घाबरू नये. जुने बूच तुटणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्यावरून वाईनचा दर्जा ठरत नाही. उरलेला तुकडा तिरक्या स्क्रूने निघाला तर ठीक, नाहीतर हळूच आत ढकलून मलमलीतून गाळावे. लाल तापवलेल्या चिमट्याने बाटलीची मान तडकवण्याची रीत पोर्टवाल्यांत आहे, परंतु जाणकाराशेजारी उभे राहून शिकल्याशिवाय तिचा प्रयोग घरी करू नये.

> तपासणी : बूच हुंगावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर वाईनमध्येही तो उतरला असण्याचा संभव आहे. पाहुण्यांना देण्याआधी थोडी स्वतः चाखावी.

## टप्पा 8 : साका मागे ठेवून ओतणे

तयारी आधी करावी, कारण एकदा ओतायला सुरुवात केली की थांबता येत नाही.

1. काचेची सुरई किंवा रुंद तोंडाचा जग साबणाशिवाय, गरम पाण्याने धुऊन निथळत ठेवावा. हुंगून पाहावा. कपाटाचा वास असेल तर पुन्हा धुवावा.
2. नव्या मलमलीला खळ असते. तिचा तुकडा दोन वेळा उकळत्या पाण्यात काढून, साबण न लावता वाळवलेला असावा. तो स्टीलच्या किंवा काचेच्या नरसाळ्यात दुहेरी घालावा. प्लास्टिकचे तेलाचे नरसाळे वापरू नये.
3. ओट्यावर मोबाईलचा टॉर्च किंवा मेणबत्ती अशी ठेवावी, की बाटली तिरपी केल्यावर उजेड तिच्या खांद्यातून आरपार येईल.
4. बाटली खूण असलेली बाजू वर ठेवूनच उचलावी आणि एकाच संथ, अखंड धारेने ओतावे. मध्येच सरळ केली तर तळाचा साका उसळून सगळीकडे पसरतो.

सुरुवातीला खांद्यातून माणकासारखी स्वच्छ लाल धार जाताना दिसते. तीन-चतुर्थांश बाटली रिकामी झाली की नजर केवळ खांद्यावर ठेवावी. तिथे आधी उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक, काळपट रेघ सरकताना दिसते. ती मानेपाशी येण्याआधी हात थांबवावा. मागे उरलेले घोटभर वाईन कितीही मोलाचे वाटले, तरी पिळून काढू नये. ते कडवट लागते आणि आधीचे सगळे पेले बिघडवते. मटणाच्या रश्श्यात ते चालते.

ओतल्यावर किती वेळ ठेवायचे, हे वयावर ठरते. वीस वर्षांखालच्या पोर्टला तीन-चार तास हवेत राहिल्याने फायदा होतो. वीस ते चाळीस वर्षांची असल्यास एक-दोन तास पुरेत. त्याहून जुनी असेल तर जेवण संपत आले की मगच ओतावी, कारण तिचा सुवास उघड्यावर लवकर विरतो.

## टप्पा 9 : पेला, सोबतचे खाणे आणि उरलेली वाईन

वरून निमुळता, साध्या वाईनचा लहान पेला घ्यावा आणि तो 75 मिलिलिटरच्या पुढे भरू नये. बर्फ, सोडा किंवा पाणी घालू नये. नेहमीच्या वाईनइतका, म्हणजे 150 मिलिलिटर भरला, तर त्यात 30 मिलिलिटर शुद्ध मद्य जाते. तेरा टक्क्यांच्या वाईनच्या तेवढ्याच पेल्यात ते वीसच्या आत असते. पिणाऱ्यांनी गाडी चालवू नये. साखर लिटरमागे सुमारे 100 ग्रॅम असते, मधुमेही पाहुण्यांना हे आधी सांगावे.

सोबत अक्रोड, सुके अंजीर, आपल्याकडचे बेदाणे, निळी बुरशी असलेले चीज किंवा कडसर चॉकलेट द्यावे. तिखट चिवडा, भजी, मिसळ यांपैकी काहीही नको. मिरचीने मद्याची आग वाढते आणि बाकी काही जाणवत नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने, तोंड पाण्याने स्वच्छ करून सुरुवात करावी.

उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावी. चाळीस वर्षांची व्हिंटेज त्याच रात्री संपवावी, तरुण व्हिंटेज दोन-तीन दिवस टिकते, गाळलेली लेट बॉटल्ड आठवडाभर, टॉनी कित्येक आठवडे, आणि मदेरा अनेक महिने. कोणतीही शोकेसमध्ये परत जाऊ नये.

त्याच सालाच्या आणखी बाटल्या असतील, तर आजच्या बाटलीचे बूच जपून ठेवावे आणि एका वहीत चार ओळी लिहाव्यात : उघडल्याची तारीख, पातळी, बूच अखंड निघाले की तुटले, आणि सुरईत ओतल्यापासून किती वेळाने ती सर्वांत चांगली लागली. पुढची बाटली त्याच वेळेनुसार उभी करावी.